धारोष्ण दूध आणि माल्टाचा ताप

शेळीच्या दुधाची थोरवी आपल्याकडे नवी नाहीं. वाग्भटानें अष्टांगहृदयांत तिचें कारणही सांगून ठेवलें आहे. शेळी पाणी थोडें पिते, दिवसभर हिंडते आणि कडू-तिखट पाला ओरबाडून खाते, म्हणून तिचें दूध पचावयास हलकें. क्षय, श्वास, रक्तपित्त, अतिसार आणि ज्वर इतक्या विकारांवर तो तें सांगतो. यांतला ज्वर हा शब्द श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. आजच्या कथेंत तो पुन्हा यावयाचा आहे, पण अगदीं उलट्या बाजूनें.

शेळीचें दूध म्हटलें कीं आपणांपैकीं पुष्कळांस प्रथम गांधीजी आठवतात. १९१९ च्या आरंभीं ते मुंबईंत दीर्घ दुखण्यानें अंथरुणास खिळले होते. डॉक्टर दूध घ्या म्हणत, आणि दूध न घेण्याचें तर त्यांचें व्रत. शेवटीं कस्तूरबांनीं तोड काढली : व्रत घेतांना मनांत गाय आणि म्हैस होती ना, मग शेळीच्या दुधास हरकत कोणती? गांधीजींनीं तें मानलें, आणि आपण व्रताचें अक्षर पाळलें, आत्मा मात्र गमावला, अशी कबुलीही आत्मकथेंत देऊन टाकली. वाद व्रताचा होता, दुधाचा नव्हता. परंतु त्यामुळें सुशिक्षित घरांतही शेळीला प्रतिष्ठा आली, हें खरें.

एरवींही शहरांतल्या घराला शेळीच सोयीची. गाईला गोठा हवा, म्हशीला डुंबावयास पाणी हवें. शेळी जिन्याखालीं मावते. भाजीचीं देंठें, शेंगांचीं टरफलें आणि थोडा पाला यांवर तिचें बरेंचसें भागतें. चांगली सुरती किंवा संगमनेरी शेळी असली तर लहान कुटुंबाला पुरेल एवढें, म्हणजे शेर-दोन शेर, दूध देते. पण या सर्वांहून मोठा लाभ मनाच्या स्वस्थतेचा. गवळ्याच्या चरवींत दूध किती आणि विहीर किती, ही शंका ज्या घराला कधीं शिवली नाहीं तें घर विरळाच! आपल्या दारांत, आपल्या डोळ्यांदेखत काढलेलें दूध, तेंही ऊन ऊन, फेंसाळलेलें, धारोष्ण! याहून शुद्ध असें जगांत दुसरें काय असणार? याच प्रश्नाचें उत्तर एका लहानशा बेटानें फार मोठी किंमत देऊन शोधून काढलें. त्याची हकीकत मी आज सांगणार आहें.

माल्टा हें भूमध्य समुद्रांतलें, सिसिलीच्या दक्षिणेचें खडकाळ बेट. १९६४ सालीं तें स्वतंत्र झालें; त्यापूर्वीं दीडशें वर्षें तें इंग्रजांच्या ताब्यांत होतें आणि तेथें त्यांचें आरमार व लष्कर यांचें मोठें ठाणें होतें. कुरणें बेताचीं, तेव्हां गाई थोड्या. सारें बेट शेळ्यांवर पोसलेलें. या शतकाच्या नव्हे, मागच्या शतकाच्या आरंभीं तेथें सुमारें दोन लाख माणसें आणि त्यांच्यामागें वीस हजारांच्या आसपास शेळ्या होत्या. दर दहा माणसांमागें एक म्हणा ना! रोज सकाळीं शेळ्यांचे कळप व्हॅलेटा शहरांत शिरत, आणि पायऱ्यापायऱ्यांच्या त्या गल्ल्यांतून दारोदार फिरत. गृहिणी भांडें घेऊन उंबऱ्यावर येई, गवळी तेथेंच बसून धार काढी. पाणी घालावयास जागाच नाहीं. आपल्याकडेही म्हैस दारांत आणून दूध काढून देण्याची रीत होती, तिच्या मुळाशीं हाच विचार.

याच बेटावर एक चमत्कारिक ताप होता. तो संध्याकाळीं चढे, रात्रीं घामानें अंथरूण भिजवी, कांहीं दिवसांनीं उतरे, आणि रोग्याला हायसें वाटतें न वाटतें तोंच पुन्हा चढे. समुद्राच्या लाटेसारखी ही चढउतार महिनेच्या महिने चाले. सांधे धरत, माणूस खंगून जाई. मरणारे थोडे; पण धडधाकट शिपाई निकामी होऊन मायदेशीं परत जात. लोक त्याला माल्टाचा ताप म्हणूं लागले. त्या बेटाच्या रहिवाशांना हें नांव कसें वाटत असेल, याची कल्पना आपण करूं शकतों; रोगाला गांवाचें नांव देणाऱ्याचें कांहीं जात नाहीं.

१८८७ सालीं डेव्हिड ब्रूस या तरुण लष्करी डॉक्टरानें या तापानें मेलेल्या शिपायांच्या प्लीहेंतून एक अतिसूक्ष्म जंतु वेगळा काढला. त्यांची पत्नी मेरी ही प्रयोगशाळेंत त्यांच्या बरोबरीनें काम करी. तिचा उल्लेख बहुतेक पुस्तकांतून ओझरताच येतो. जंतु सांपडला, पण तो माणसाच्या शरीरांत शिरतो कोठून, हें कोडें पुढें अठरा वर्षें सुटलें नाहीं. कोणी बंदरांतल्या घाणीला दोष दिला, कोणी गटारांना, कोणी हवेला, कोणी पाण्याला. दूध हा शब्द कोणाच्या ओठांवर आला नाहीं. दूध तर रुग्णालयांत रोग्यांना बरें व्हावें म्हणून देत असत!

अखेर १९०४ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें ब्रूस यांच्या नेतृत्वाखालीं एक चौकशी मंडळ नेमलें. त्यांत थेमिस्टोक्लीस झमित हे माल्टाचेच एक डॉक्टर होते. पुढें याच गृहस्थांनीं तार्शिएनचीं प्रागैतिहासिक मंदिरें खणून काढलीं, आणि आज त्यांचें नांव पुराणवस्तुसंशोधक म्हणूनच अधिक ऐकूं येतें. या मंडळानें धूळ तपासली, पाणी तपासलें, डांस तपासले. शेळीही आणली, पण आरोपी म्हणून नव्हे. प्रयोगासाठीं एक स्वस्त जनावर म्हणून. शेळीला हा ताप येत नाहीं, अशीच समजूत होती.

१९०५ च्या जून महिन्यांतली गोष्ट. प्रयोगाला आरंभ करण्यापूर्वीं झमित यांनीं सहा निरोगी शेळ्यांचें रक्त तपासलें. ही परीक्षा सोपी आहे. ज्याला हा रोग झाला आहे त्याच्या रक्तांतली निवळ त्या जंतूंशीं मिसळली कीं जंतु एकत्र येऊन त्यांच्या गुठळ्या बनतात. निरोग्याच्या रक्तानें तसें होत नाहीं. अजून एकाही शेळीला जंतु टोंचलेला नव्हता, तरी सहांपैकीं पांच शेळ्यांच्या रक्तानें गुठळ्या बनल्या. मला वाटतें, शास्त्राच्या इतिहासांत असे क्षण फार थोडे आहेत. पुष्कळांनीं ही परीक्षा चुकली असें म्हणून दुसऱ्या सहा शेळ्या मागविल्या असत्या. झमित यांनीं तसें केलें नाहीं. थोड्याच दिवसांत मेजर हॉरॉक्स यांना शेळीच्या दुधांत खुद्द तो जंतुच सांपडला. मग कळपामागून कळप तपासले. बेटावरच्या निम्म्याच्या आसपास शेळ्यांच्या रक्तांत रोगाची खूण होती, आणि दहांतली एक शेळी रोज आपल्या दुधावाटें जंतु बाहेर टाकीत होती. असें दूध पाजलेल्या माकडांना ताप आला.

आणि या शेळ्या दिसावयास कशा होत्या? टवटवीत. अंगावर तकाकी, कास भरलेली, चरण्यांत उणें नाहीं. एखादी कधीं गाभडे, एवढेंच. पण तें तर कोणत्याही कळपांत चालावयाचेंच. दुधाचा रंग तोच, वास तोच, गोडीही तीच. ज्या डोळ्यांवर व्हॅलेटाच्या गृहिणीचा एवढा भरंवसा, त्या डोळ्यांना दिसण्यासारखें त्यांत कांहींच नव्हतें. गवळी प्रामाणिक होता, भांडें घांसलेलें होतें, पाण्याचा थेंब पडला नव्हता. आतां आणखी एक कोडें उलगडलें. या तापाचें प्रमाण साध्या शिपायांपेक्षां अधिकाऱ्यांत अधिक कां? तर अधिकाऱ्यांच्या ताटांत दूध अधिक असे!

शास्त्रज्ञांना हवा असलेला शेवटचा पुरावा त्याच सुमारास समुद्रावर तयार होत होता. अमेरिकेच्या शेतकी खात्याला लहान कुटुंबांसाठीं चांगली दुभती शेळी हवी होती, आणि माल्टाच्या शेळीची कीर्ति मोठी. तेव्हां १९०५ च्या ऑगस्टमध्यें साठांहून अधिक शेळ्या जोशुआ निकल्सन नांवाच्या आगबोटीवर चढविण्यांत आल्या. समुद्रप्रवासांत ताजें दूध मिळणें ही चैनच. खलाशी आणि अधिकारी मनमुराद प्याले. पुढें त्या पिणाऱ्यांपैकीं बहुतेकांना ताप आला. त्या शेळ्या अमेरिकेंत पोचल्या, पण तेथल्या कुटुंबांच्या अंगणांत पोचल्या नाहींत. त्यांना वेगळें ठेवण्यांत आलें आणि अखेर मारून टाकावें लागलें.

१९०६ च्या उन्हाळ्यांत लष्कराच्या शिध्यांतून शेळीचें दूध बंद झालें आणि त्याच्या जागीं डब्यांतलें आटीव दूध आलें. १९०५ सालीं सैनिकांत या तापाचे ६४३ रोगी होते. १९०६ सालीं १६१ झाले. १९०७ सालीं दहांच्याही आंत आले. गटारांनीं जें झालें नव्हतें तें एका हुकुमानें झालें.

येथें बहुतेक इतिहासकार लेखणी खालीं ठेवतात. मला मात्र पुढचें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. हुकूम छावणींत चालला. गल्लींत चालला नाहीं. शिपायाला डबा सरकारनें दिला. माल्टाच्या कोळ्याला आणि पाथरवटाला तो कोण देणार? शेळी हेंच ज्याचें भांडवल त्या गवळ्यानें पोट कशावर भरावें? उकळून प्या असा उपदेश झाला. पण जी गोष्ट दिसत नाहीं तिच्यासाठीं रोजचें जळण कोण खर्ची घालील? लष्करी रुग्णालयांतल्या खाटा रिकाम्या झाल्यावर नागरिकांत मात्र तो ताप पुढें कित्येक वर्षें नांदत राहिला. दूध ठराविक उष्णतेवर तापवून शुद्ध करणारी सरकारी दुग्धशाळा माल्टांत सुरू झाली ती १९३८ सालीं. झमित यांचें शोधपत्र तोंवर तेहतीस वर्षांचें झालें होतें, आणि ते स्वतः १९३५ मध्यें निवर्तले होते.

हा रोग माल्टापुरता नाहीं आणि शेळीपुरताही नाहीं. १९१८ सालीं अ‍ॅलिस इव्हान्स या अमेरिकन विदुषीनें दाखवून दिलें कीं गाईंना गाभडविणारा जंतु आणि माल्टाच्या तापाचा जंतु हे एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत. कच्चें गाईचें दूधही निर्धोक नव्हे. दुग्धव्यवसायांतल्या बड्या मंडळींनीं तिची पुष्कळ टर उडविली. पुढें तिला स्वतःलाच या तापानें गांठलें. आतां त्या जंतूंच्या साऱ्या कुळाला ब्रूस यांच्या नांवावरून ब्रुसेला म्हणतात. आपल्या देशांतही त्याची वस्ती आहे, आणि शेळी गाभडली असतां तिचा जार उघड्या हातांनीं उचलणाऱ्यालाही तो धरतो. घरीं शेळी बाळगणारानें ही गोष्ट विसरूं नये.

आमच्या लहानपणीं आमच्या वाड्यांत एक तांबडी शेळी होती. माझ्या थोरल्या भावाची प्रकृति नाजूक, म्हणून आजोबा त्याला पहांटे उठवून, पेला घेऊन शेळीपाशीं बसवीत. धार थेट पेल्यांत! आजीला हें पसंत नसे. ती म्हणे, न तापविलेलें दूध पोटांत जाऊं नये. तिला ब्रूस ठाऊक नव्हते कीं झमित. तिचें लक्ष सायीवर, आणि दूध नासूं नये यावर. दूध एकदां चांगलें वर आलें कीं ती चुलीतलीं लांकडें मागें ओढी, तें खालीं बसूं देई, आणि पुन्हा वर आणी. आजोबा हंसत; तापवून दुधाचा जीव घालवतेस, असें म्हणत. घरांत हा वाद कधींच मिटला नाहीं. आजोबा घरीं असले कीं भाऊ धारोष्ण पिई, आणि ते परगांवीं गेले कीं तापविलेलें.

माल्टांत १९९५ सालीं हा ताप पुन्हा उपटला. या वेळीं दूध नव्हतें. न तापविलेल्या दुधाचें, घरगुती रीतीनें केलेलें ताजें चीज होतें, आणि विकत घेणाऱ्यांनीं तें ताजें म्हणूनच घेतलें होतें.