दोन हर्मान मास्तर

गणिताच्या इतिहासात शाळामास्तर फारसे भेटत नाहीत. भेटलेच तर कुणा थोर गणितज्ञाचे 'पहिले गुरू' म्हणून, एका ओळीपुरते. पण भूमितीची एक शाखा अशी आहे की तिच्या पायाशी दोन शाळामास्तरच उभे आहेत. दोघेही जर्मन आणि दोघांचंही नाव हर्मान. एक श्टेटिनचा हर्मान ग्रासमान (श्टेटिन आता पोलंडमध्ये आहे, त्याला श्चेचिन म्हणतात) आणि दुसरा हॅम्बुर्गचा हर्मान शूबर्ट. चौतीस वर्षं खडू हातात धरलेल्या माझ्यासारखीला ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं बी.ए., तेव्हा मंडळी, घाबरू नका. शाळेतल्या भूमितीपलीकडचं फारसं काही लागणार नाही.

या शाखेचा विषय म्हणजे 'होमोजीनियस व्हरायटी'. मराठीत 'समरूप' म्हणावं तर तो शब्द त्रिकोणांनी आधीच घेतलेला आहे. मी 'एकजिनसी' म्हणते. एकजिनसी म्हणजे काय? चेंडूवर मुंगी ठेवा. ती कुठेही गेली तरी तिला सगळीकडे सारखंच दिसेल. अंड्यावर ठेवा, तिला टोक ओळखता येईल. शंकूवर तर शिरोबिंदू लगेच कळेल. चेंडू फिरवून त्याचा कुठलाही बिंदू दुसऱ्या कुठल्याही बिंदूच्या जागी आणता येतो, अंड्याचा येत नाही. ज्या आकृतीत ठरावीक हालचालींनी कुठलाही बिंदू कुठल्याही बिंदूवर नेता येतो आणि जी आकृती बीजगणितातल्या समीकरणांनी लिहिता येते, ती एकजिनसी व्हरायटी. तिथे कुठलीच जागा खास नाही.

आता गंमत अशी की यातले 'बिंदू' खरोखर बिंदूच असायला हवेत असं नाही. अवकाशातल्या सगळ्या सरळ रेषा घ्या आणि प्रत्येक रेषेला एक 'बिंदू' समजा. कुठलीही रेषा फिरवून-सरकवून दुसऱ्या कुठल्याही रेषेवर नेता येते, म्हणजे हा रेषांचा गोतावळाही एकजिनसीच. त्याला मिती किती? खोलीतून एक तिरकी काठी आरपार गेली आहे असं समजा. ती जमिनीला कुठे टेकते ते सांगायला दोन संख्या लागतात, छताला कुठे भिडते ते सांगायला आणखी दोन. एकूण चार. आपल्या तीन मितींच्या खोलीतल्या रेषांचं जग चार मितींचं आहे! अशा जगांना आज 'ग्रासमानियन' म्हणतात, आपल्या पहिल्या हर्मान मास्तरांच्या नावावरून.

ग्रासमान १८०९ साली जन्मला. बर्लिनला जाऊन त्याने धर्मशास्त्र आणि भाषा शिकल्या. विद्यापीठात गणिताचा एकही वर्ग त्याने केलेला नव्हता. वडील श्टेटिनच्या शाळेत गणित शिकवत, हाही तिथेच शिक्षक झाला. १८४४ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्याने एक पुस्तक छापलं, 'आउसडेनुंग्सलेअर', म्हणजे विस्ताराचं शास्त्र. रेषा, प्रतल आणि त्याहून मोठ्या मितींच्या वस्तूंचा थेट गुणाकार कसा करायचा याचं ते बीजगणित होतं. आज कॉलेजात 'व्हेक्टर स्पेस' म्हणून जे शिकवतात त्यातलं बरंचसं त्या पुस्तकात आहे.

आणि झालं काय? कुणी वाचलंच नाही. मोबियससारख्या मोठ्या गणितज्ञाने परीक्षण लिहायला नकार दिला. (पुढे त्याच्याच सांगण्यावरून ग्रासमानने एका स्पर्धेत निबंध पाठवला आणि १८४६ साली बक्षीस मिळवलं, हेही सांगायला हवं.) १८४७ साली त्याने विद्यापीठातल्या जागेसाठी शिक्षणमंत्रालयाकडे अर्ज केला. मंत्रालयाने कुमर या नामवंत गणितज्ञाचं मत मागवलं. कुमरचा अभिप्राय थोडक्यात असा, की मजकूर चांगला आहे पण मांडणी सदोष. जागा मिळाली नाही. १८६२ साली त्याने पुस्तक नव्याने लिहून स्वखर्चाने ३०० प्रती छापल्या, त्याही पडून राहिल्या. १८६४ साली पहिल्या पुस्तकाच्या उरलेल्या जवळजवळ ६०० प्रती प्रकाशकाने रद्दीत काढल्या.

वीस वर्षांच्या वाटेचं हे असं झाल्यावर माणूस काय करील? हा गृहस्थ संस्कृतकडे वळला, आणि तेही साधंसुधं नाही. त्याचा ऋग्वेदाचा जर्मन शब्दकोश १८७५ पर्यंत पूर्ण झाला आणि आजही अभ्यासक तो उघडतात. पाठोपाठ ऋग्वेदाचं भाषांतरही आलं. भाषाशास्त्रात त्याच्या नावाचा नियम आहे. आपण 'दधाति' म्हणतो, 'धधाति' नाही. 'बभूव' म्हणतो, 'भभूव' नाही. आपल्या वैयाकरणांना ही रूपं माहीत होतीच. लागोपाठ दोन महाप्राण आले की पहिल्याचा प्राण जातो हे ग्रीकमध्येही घडतं, आणि दोन्ही भाषांचा हा जुना इतिहास आहे, हे ग्रासमानने १८६३ साली दाखवलं. १८७६ साली ट्यूबिंगेन विद्यापीठाने त्याला सन्मान्य डॉक्टरेट दिली ती भाषेच्या कामासाठी. पुढच्याच वर्षी तो गेला, श्टेटिनचा शाळामास्तर म्हणूनच.

आता दुसरे मास्तर. शूबर्टचा जन्म १८४८ चा. तो आधी हिल्डेसहाइमच्या शाळेत शिकवत असे, १८७६ पासून हॅम्बुर्गच्या शाळेत आणि तिथेच निवृत्तीपर्यंत. त्याला नाद होता मोजण्याचा. त्याचा एक प्रश्न बघा. अवकाशात चार रेषा कशाही टाकल्या आहेत, कुठल्याच दोन एकमेकींना भेटत नाहीत. या चौघींनाही छेदणाऱ्या रेषा किती?

मुलांना असा प्रश्न टाकला तर ती हवेत हात फिरवत बसतील. शूबर्टची युक्ती मात्र घरी चार विणकामाच्या सुया घेऊन करून बघण्यासारखी आहे. तो म्हणतो, रेषा जरा सरकवा. पहिली आणि दुसरी एका बिंदूत भेटतील अशा ठेवा, तिसरी आणि चौथी दुसऱ्या एका बिंदूत. आता पहिल्या दोघींना छेदणारी रेषा एकतर त्यांच्या छेदबिंदूतून जाईल, नाहीतर त्या दोघींच्या प्रतलात असेल. दुसऱ्या जोडीचंही तसंच. मग दोन्ही छेदबिंदूंना जोडणारी एक रेषा मिळाली, आणि दोन्ही प्रतलं जिथे एकमेकांना कापतात ती दुसरी. एकाच्या बिंदूतून जाणारी आणि दुसऱ्याच्या प्रतलातली अशी मिश्र रेषा चालणार नाही, कारण पहिला बिंदू दुसऱ्या प्रतलात नाहीच. उत्तर : दोन! रेषा पुन्हा मूळ जागी नेल्या तरी उत्तर दोनच. (संमिश्र संख्यांसकट मोजायचं, म्हणजे कधीकधी त्या दोन रेषा डोळ्यांना दिसणार नाहीत.)

अशाच युक्त्यांनी त्याने १८७९ साली मोजणीच्या भूमितीवर एक आख्खा ग्रंथ लिहिला. त्यातलं एक उत्तर वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अवकाशात पिळवटलेली एक त्रिघाती वक्ररेषा असते. दिलेल्या बारा द्विघाती पृष्ठभागांना स्पर्श करणाऱ्या अशा वक्ररेषा ५८,१९,५३,९७,८३,६८०. कागद-पेन्सिलीवर!

पण रेषा सरकवल्यावर उत्तर बदलत नाही हे कशावरून? इथेच खरा पेच आहे. दिलेल्या पाच शांकवांना स्पर्श करणारे शांकव किती, या प्रश्नाला स्टायनर या थोर भूमितितज्ञाने १८४८ साली ७७७६ असं उत्तर दिलं होतं. ते सहाचा पाचवा घात, दिसायला सुबक, पण चूक. दुहेरी होऊन बसलेल्या रेषाही त्यात शांकव म्हणून मोजल्या गेल्या होत्या. १८६४ साली शालने बरोबर उत्तर दिलं, ३२६४. स्टायनर घसरतो तर शूबर्टच्या अंदाजांवर का विसंबायचं? त्याच्याकडे उत्तरं होती, सिद्धता नव्हती.

मला या गोष्टीतला सगळ्यात आवडणारा धागा इथेच लागतो. हिल्डेसहाइमच्या शाळेत शूबर्टला एक हुशार विद्यार्थी मिळाला, अडोल्फ हुर्विट्झ. मास्तर त्याला रविवारी घरी बोलावून शिकवत. मुलाने गणितच शिकावं म्हणून वडिलांची समजूत घालायलाही ते गेले. १८७६ साली, मुलगा अजून शाळेत असताना, दोघांनी मिळून एक शोधनिबंध छापला. हा हुर्विट्झ पुढे कोनिग्सबर्गला प्राध्यापक झाला आणि तिथे त्याच्याबरोबर रोज फिरायला जाणारा तरुण होता डाव्हिड हिल्बर्ट. त्याच हिल्बर्टने १९०० साली पॅरिसच्या परिषदेच्या निमित्ताने येणाऱ्या शतकासाठी २३ प्रश्नांची यादी मांडली. त्यातला पंधरावा प्रश्न : शूबर्टच्या मोजणीला भक्कम पाया द्या.

हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं. १९३० च्या सुमारास व्हान डर वेर्डनने, १९३४ मध्ये एरेस्मानने पाया घातला. १९७४ साली क्लाइमनने एक नेमकं प्रमेय सिद्ध केलं. त्याचा मथितार्थ असा, की एकजिनसी जगात दोन आकृत्या अडचणीच्या रीतीने एकमेकींवर पडल्या असतील तर त्यातली एक सहज कुठेतरी हलवा, मग त्या नीट, मोजता येतील अशाच भेटतात. म्हणजे रेषांच्या बाबतीत मास्तरांची युक्ती खरी ठरते ती त्या जगात कुठलीच जागा खास नाही म्हणून! शांकवांचं आणि वक्ररेषांचं जग इतकं सरळ नाही, तिथे कष्ट जास्त पडले. १९८७ साली तिघा गणितज्ञांनी आधुनिक पद्धतीने ती बारा पृष्ठभागांची मोजणी पुन्हा केली. उत्तर मास्तरांचंच आलं, शेवटच्या शून्यापर्यंत.

या गोष्टीचा पुढचा अध्याय आपल्या मुंबईत घडला, हे मला फार उशिरा कळलं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सी. एस. शेषाद्री होते (१९३२-२०२०), कर्नाटक संगीत गाणारे गणितज्ञ. व्ही. लक्ष्मीबाई आणि सी. मुसिली यांच्याबरोबर त्यांनी १९७८ पासून जी लेखमाला छापली तिचं नावच 'जिऑमेट्री ऑफ जी बाय पी'. गणितात ग्रासमानियनसारखी एकजिनसी व्हरायटी अशीच लिहितात, जी भागिले पी. 'जी' म्हणजे सगळ्या हालचाली, 'पी' म्हणजे त्यातल्या एका बिंदूला जागचं न हलवणाऱ्या.

त्यांच्या कामाची चव तुम्हाला देता येईल. एका रेषेवरचे दोन बिंदू घ्या, प्रत्येकाचे चार सहनिर्देशक लिहा. चार रकान्यांतून दोन-दोन निवडून दहावीतला निश्चयक काढला की सहा संख्या मिळतात : १२, १३, १४, २३, २४, ३४ अशी त्यांची नावं. सहांचं गुणोत्तरच महत्त्वाचं, म्हणून पाच. शिवाय त्यांच्यात एक समीकरण आहे, म्हणून चार. आपली काठीची चार मिती परत आली! आता यातल्या दोन-दोनांचे गुणाकार करा (वर्ग धरून). २१ होतात, पण त्या समीकरणामुळे एक जास्तीचा. कुठला काढायचा? नावं एकाखाली एक लिहा. १३ खाली २४ : दोन्ही रकान्यांत आकडे वाढले, ठीक. १४ खाली २३ : पहिल्या रकान्यात वाढला, दुसऱ्यात घटला. हा बाद! उरले २०, बरोबर जितके हवेत तितकेच. ग्रासमानियनपुरता हा नियम ब्रिटनच्या हॉजने १९४३ साली दिला होता. शेषाद्री आणि मंडळींनी तसाच नियम एकजिनसी व्हरायटींच्या फार मोठ्या कुटुंबाला लावून दाखवला. उरलेल्यांसाठी त्यांनी जे अंदाज बांधले, ते जर्मनीच्या लिटलमानने १९९० च्या दशकात सिद्ध केले. गोष्ट पुन्हा जर्मनीत पोचली म्हणायची.

आता या सगळ्याचं मी काय करते, असं घरातले विचारतात. मी त्यांना रद्दीत गेलेल्या त्या ६०० प्रती सांगते. ग्रासमानला न्याय मिळाला असं मी म्हणणार नाही. त्याचं नाव आज प्रत्येक गणितविभागात घेतात, पण त्याच्या हयातीत त्याला हवी ती जागा मिळाली नाही, आणि मागाहून आलेल्या कौतुकाने ती वर्षं भरून निघत नाहीत. शूबर्टला निदान एक हुर्विट्झ मिळाला. दोघांमधला फरक मला एवढाच दिसतो. एकाचं पुस्तक त्याच्या काळात कुणी उघडलं नाही, दुसऱ्याचं म्हणणं वर्गातल्या एका मुलाने मन लावून ऐकलं.

तेव्हा शिकवणाऱ्या माझ्या भाचरांनो, मागच्या बाकावरून कुणी अडचणीचा प्रश्न विचारला तर 'अभ्यासक्रमात नाही' म्हणू नका. त्याला रविवारी घरी बोलवा.