मेळघाटातील घर, खिडकी आणि पश्चिमेचे ऊन

वऱ्हाडातील जुन्या घरांस खिडक्या थोड्या व लहान असत, याचे कारण चोरांचे भय असे सामान्यतः सांगितले जाते. ते खोटे नव्हे. तथापि धारणी परिसरातील कोरकू घराकडे पाहिले असता हे कारण अपुरे वाटू लागते. समोरासमोर दोन ओळींत वसलेल्या, शेणामातीने लिंपलेल्या कुडाच्या भिंतींच्या या घरांत चोराने न्यावे असे फारसे काही नसे. तरीही खिडकी बहुधा नसेच. उजेड यावयाचा तो दारातून, आणि तोही खाली उतरलेल्या वळचणीच्या सावलीतून गाळून. आत कणगीतील धान्य व पुढील पेरणीचे बियाणे असे; त्यास ऊन व ओल दोन्ही वर्ज्य. खिडकीतून येणारे ऊन अडवावे कसे, हा प्रश्न या घराने खिडकीच न ठेवून सोडविला होता.

धारणीचे अक्षांश सुमारे साडेएकवीस उत्तर आहेत. त्यामुळे मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेस असतो, आणि मेच्या उत्तरार्धात तो मावळतो पश्चिमेच्या सुमारे 22 अंश उत्तरेस. दक्षिणेच्या खिडकीवर हातभर छज्जा काढला की काम भागते; पश्चिमेच्या खिडकीस मात्र छज्जा निरुपयोगी, कारण किरण त्याच्या खालून शिरतात. या दिशेला जाड भिंत हाच खरा बंदोबस्त होय.

ही व्यवस्था प्रथम मोडली ती बंगल्याने. चिखलदरा 1823 साली कॅप्टन रॉबिन्सन याच्या नजरेस आले आणि 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्यानंतर या प्रांतात आलेल्या बंगल्यांच्या घडणीत खालच्या खिडक्यांना व्हरांड्याची सावली असे. परंतु तापलेली हवा बाहेर जावी म्हणून व्हरांड्याच्या छपरावर, मुख्य छताखाली लहान खिडक्यांची रांग ठेवीत. हवेच्या दृष्टीने ही योजना चांगली, उन्हाच्या दृष्टीने अडचणीची. मे महिन्यात साडेचार-पावणेपाचच्या सुमारास सूर्य धारणीस क्षितिजापासून 30 अंशांवर येतो. अशा वेळी साडेचार मीटर उंचीवरील पश्चिमेच्या खिडकीतून शिरलेला किरण जवळजवळ पावणेआठ मीटर आत जाऊन जमिनीस टेकतो. मधले टेबल, कागदपत्रे, गालिचा, सर्व त्याच्या वाटेत. तेथवर हात पोचत नाही. झडप दोरीने ओढावयाची, आणि दोरी कुजली की ती उघडी राहिली तर उघडी, मिटली तर मिटलेली. काचांवर चुन्याचा हात फिरविणे हा गरिबी उपाय त्यातल्या त्यात विश्वासाचा; पांढरा थर बराच प्रकाश परतवितो आणि एकदा शिडी लावली की काम संपते.

खालच्या दारेखिडक्यांवर वाळ्याच्या ताट्या लावीत. बाहेरची हवा कोरडी असल्याने ओल्या मुळांतून येणारा वारा थंड होई, आणि ऊनही अडे. पण ताटी ओली राही ती दिवसभर पाणी मारणाऱ्या गड्यामुळे. खिडकी मोठी ठेवण्याची खरी किंमत त्याच्या मजुरीत होती, ही गोष्ट बंगल्यांच्या वर्णनांत सहसा वगळली जाते.

याच सातपुड्यातील नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाजास (1487) सज्जे आहेत, त्यांतील दगडी जाळी येथे आठवावी. भोकाच्या रुंदीच्या मानाने दगडाची जाडी जितकी अधिक, तितके तिरपे ऊन जाळीच्या पोटातच जिरते. गडी लागत नाही, दोरीही नाही. ही युक्ती सामान्य घरांत मात्र उतरली नाही. दगड कोरणे परवडावयाचे कोणास?

कुडाऐवजी विटांच्या भिंती व छताऐवजी पत्रा वा स्लॅब आल्यावर तीच बंगल्याची अडचण लहान घराच्या वाट्यास आली, आणि येथे तर व्हरांडाही नाही. पश्चिमेच्या खिडकीशी लावलेल्या कपाटातील कपड्यांचा रंग उतरतो, हळदीने रंगविलेले वस्त्र तर फारच लवकर फिके पडते. उन्हाळ्यात वऱ्हाडभर खिडकीच्या बाहेरून कूलर बसवितात. त्याच्या पाणी झिरपणाऱ्या गवती पडद्यांना पुष्कळ ठिकाणी आजही ताट्याच म्हणतात. पाणी मारणाऱ्या गड्याची जागा पंपाने घेतली. आणि कूलरच्या पेटीने खिडकी भरून गेल्यामुळे ऊन आपोआप अडते, निदान पावसाळ्यात पेटी काढून ठेवीपर्यंत.