सुट्टी कोणाच्या हाती : परदेशातल्या फिलिपिनो कामगारांचा नाताळ

फिलिपिन्समध्ये नाताळचा मोसम सप्टेंबरमध्येच सुरू होतो. दुकानांत नाताळची गाणी वाजू लागतात आणि जानेवारीतल्या तीन राजांच्या सणापर्यंत हा थाट चालतो. त्याचा गाभा मात्र १६ ते २४ डिसेंबर या नऊ पहाटांचा. या पहाटे चर्चमध्ये होणाऱ्या मिस्सांना, म्हणजे प्रार्थनाविधींना, ‘सिम्बांग गाबी’ म्हणतात. लोकांना शेतावर जाण्याआधी चर्चमध्ये येता यावे म्हणून स्पॅनिश अमदानीत ही वेळ ठरली, असे सांगितले जाते. मिस्सा संपली की चर्चच्या अंगणात गरम बिबिंका (तांदळाचा केक) आणि जांभळ्या तांदळाचा पुतो बुम्बोंग मिळतो. घराघरांवर पारोल लटकतात. पारोल म्हणजे बांबूच्या कामट्या आणि कागदाची चांदणी, आपल्याकडच्या आकाशकंदिलाची बहीण शोभेल अशी. २४ तारखेच्या मध्यरात्री सारे कुटुंब एकत्र जेवते. ती ‘नोचे बुएना’. यातले काहीच एकट्या माणसाने करायचे नाही. त्यामुळे परदेशी गेलेल्या फिलिपिनोला वर्षभर घराची जेवढी आठवण येत नाही, तेवढी या नऊ दिवसांत येते.

संघटित स्थलांतराची सुरुवातही योगायोगाने याच दिवसांत झाली. २० डिसेंबर १९०६ रोजी ‘डोरिक’ या जहाजातून पंधरा फिलिपिनो मजूर होनोलुलूला उतरले. हवाईच्या ऊसमळेवाल्यांनी त्यांना कंत्राटावर आणले होते. १८९८ पासून फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात असल्याने त्यांना येण्यापासून कायद्याने अडवता येत नव्हते. पुढच्या तीन दशकांत एक लाखाहून अधिक लोक हवाईत आले, हजारो कॅलिफोर्नियाच्या शेतांत आणि अलास्काच्या मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत गेले. ते बहुतेक सगळे तरुण, अविवाहित पुरुष होते. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियाने त्यांना गोऱ्या स्त्रियांशी लग्न करायलाही कायद्याने मनाई केली, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेने फिलिपिनोंचा प्रवेश वर्षाला पन्नास माणसांवर आणला. संसार थाटण्याची वाट अशी दोन्हीकडून आवळली गेली.

या पुरुषांनी डिसेंबरच्या अखेरीला आपला असा एक सण उभा केला, तो रिझाल दिन. राष्ट्रवीर होसे रिझाल यांना स्पॅनिश सत्तेने ३० डिसेंबर १८९६ रोजी गोळ्या घातल्या. त्या स्मृतिदिनाला स्टॉकटन, सिअ‍ॅटल, शिकागो अशा शहरांतल्या फिलिपिनो मंडळांनी भाषणे, मेजवानी, नाचाची रात्र आणि ‘रिझाल क्वीन’ची निवड यांची जोड दिली. हुतात्म्याच्या पुण्यतिथीला नाच, हे परक्याला विचित्र वाटेल. पण घरचा नाताळ हुकलेल्या माणसांना आठवड्याभरात आपल्या माणसांत उभे राहण्याची ती हमखास संधी होती.

दुसरी आणि फार मोठी लाट सरकारनेच उठवली. १९७३ च्या तेलसंकटानंतर आखाती देशांत बांधकामाचा सपाटा सुरू झाला आणि फिलिपिन्समध्ये परकीय चलनाची चणचण होती. फर्दिनांद मार्कोस यांच्या राजवटीने १९७४ च्या कामगार संहितेत माणसे परदेशी पाठवण्याची सरकारी यंत्रणाच घालून दिली. सोय तात्पुरती म्हणून केली होती. ती कायमची झाली. १९८२ मध्ये तर कामगारांनी पगाराचा ठरावीक, निम्मा किंवा त्याहून अधिक हिस्सा बँकेमार्फत घरी पाठवलाच पाहिजे असा हुकूम निघाला. तो कामगारांच्या विरोधामुळे टिकला नाही.

त्याआधीच, १९७३ मध्ये, याच राजवटीने ‘बालिकबायन’, म्हणजे मायदेशी परतणाऱ्यांसाठीची योजना काढली होती. मुख्यतः अमेरिकेत स्थायिक झालेल्यांनी सुट्टीत घरी यावे, म्हणून विमानभाड्यात आणि जकातीत सवलती दिल्या गेल्या. मार्शल लॉ लागू होऊन जेमतेम वर्ष झाले होते आणि देशाची प्रतिमा डागाळली होती. नाताळची ओढ कशालाही पुरून उरते, हे राज्यकर्त्यांनी नेमके हेरले. या प्रवाशांच्या सामानातून पुढे ‘बालिकबायन बॉक्स’ जन्माला आला. माणूस येऊ शकला नाही तरी खोके येऊ लागले. त्यात डबाबंद मांस, साबण, चॉकलेट, टॉवेल, मुलांचे बूट असे महिनोन् महिने थोडे थोडे साठवलेले सामान असते. समुद्रमार्गे ते पोचायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून नाताळसाठीचे खोके सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच रवाना करावे लागते. २०१५ मध्ये सीमाशुल्क खात्याने ही खोकी उघडून तपासण्याचा बेत जाहीर केला, तेव्हा एवढा गदारोळ उठला की राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अकिनो यांनी ती तपासणी थांबवली. पुढच्या वर्षीच्या कायद्याने वर्षाला दीड लाख पेसोंपर्यंतचा असा माल जकातमुक्त झाला.

खोक्याच्या जोडीला आवाजही जाई. १९८० च्या दशकात परदेशातून फोन करणे परवडण्यासारखे नव्हते. सुट्टीवर निघालेल्या सहकाऱ्याच्या हाती ध्वनिमुद्रित कॅसेट धाडायची आणि उत्तराची कॅसेट दोन महिन्यांनी ऐकायची, अशी रीत सौदीतल्या छावण्यांत रुळली. सौदी अरेबियात इस्लामेतर धर्मांना सार्वजनिक उपासनेची मुभा नाही. २५ डिसेंबर कामाचा दिवस. नाताळ बंद दाराआड, पडदे ओढून व्हायचा आणि त्यावरही धाडी पडल्याचे दाखले आहेत. दुबई, अबू धाबी, कुवेत, बहारीन येथे मात्र चर्च आहेत. दुबईच्या सेंट मेरीज चर्चमध्ये फिलिपिनोंच्या बरोबरीने गोव्याचे आणि केरळचे ख्रिस्ती मोठ्या संख्येने येतात आणि तिथे कोंकणी मिस्साही होते. अशा ठिकाणी सिम्बांग गाबी पहाटेऐवजी संध्याकाळी भरते. पहाटे कामाला जुंपलेल्यांसाठी नोव्हेना, म्हणजे ही नऊ दिवसांची प्रार्थना, एक दिवस अलीकडे ओढून १५ ते २३ डिसेंबरच्या रात्री होते. शेतकऱ्याच्या वेळापत्रकाने ठरलेली मिस्सा नोकरदाराच्या वेळापत्रकाने पुन्हा हलली. मूळ हेतूशी हे फारसे विसंगत नाही. रोममध्ये १५ डिसेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी स्वतः सेंट पीटर्समध्ये फिलिपिनोंसह ही मिस्सा साजरी केली.

हाँगकाँगचे उदाहरण वेगळे, कारण तिथे बहुतेक सगळ्या स्त्रिया आहेत आणि त्या मालकाच्याच घरात राहतात. आज तिथे दोन लाखांच्या आसपास फिलिपिनो घरकामगार आहेत. त्यांची स्वतःची म्हणावी अशी खोली बहुधा नसते, कंत्राट दोन वर्षांचे, सुट्टी आठवड्याला एक. १९८२ पासून सेंट्रल भागातला चेटर रोड रविवारी वाहनांना बंद ठेवला जाऊ लागला आणि पाहता पाहता तो रस्ता, स्टॅच्यू स्क्वेअर आणि तिथल्या एका बँकेच्या इमारतीखालचा मोकळा भाग त्यांचा झाला. पुठ्ठे अंथरून एकाच गावच्या बाया एकत्र बसतात, डबे उघडतात, पत्ते खेळतात, केस कापतात, खोकी भरतात. १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यांना तिथून हलवावे अशी मागणी झाली होती. ती मान्य झाली नाही.

पण नाताळ रविवारी येतोच असे नाही. हाँगकाँगच्या कायद्यानुसार हिवाळी अयनदिनाचा चिनी सण किंवा नाताळ यांपैकी एकच दिवस पगारी सुट्टी म्हणून देणे बंधनकारक आहे, आणि निवड मालकाची. मालकाने चिनी सण निवडला की २५ डिसेंबरला घरकामगार स्वयंपाकघरात, बहुधा दुसऱ्याच्या मेजवानीच्या तयारीत. २०२४ पासून नाताळनंतरचा पहिला कामकाजाचा दिवस कायदेशीर सुट्ट्यांत धरला गेला, त्यामुळे निदान दुसऱ्या दिवशी भेटीगाठी होऊ शकतात. परदेशातल्या एकटेपणावर धीर, प्रार्थना, छंद असे अनेक उपाय सुचवले जातात. इतिहास पाहता त्यांत या एका दिवसाच्या सुट्टीइतका उपयोगी दुसरा दिसत नाही.

मायदेशातल्या सरकारने गौरवाचा मार्ग धरला. १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो यांनी हाँगकाँगच्या घरकामगारांना ‘नव्या वीरांगना’ ठरवले आणि त्याच वर्षी डिसेंबर हा परदेशस्थ फिलिपिनोंचा महिना जाहीर झाला. संरक्षणाचा कायदा यायला १९९५ उजाडले. त्या मार्चमध्ये सिंगापूरने फ्लोर कॉन्तेम्प्लासियोन या घरकामगार स्त्रीला फाशी दिल्यावर उसळलेल्या संतापाने तो घडवून आणला.

खलाशांची गोष्ट या सगळ्याच्या बाहेर राहते. जगातल्या व्यापारी जहाजांवर फिलिपिनो हा सर्वांत मोठ्या गटांपैकी एक आहे, आणि भर समुद्रात ना रविवार असतो ना चौक. तिथे नाताळ म्हणजे पाळी संपल्यावर जहाजाच्या भोजनकक्षात कॅरिओके, स्वयंपाक्याने जमवलेले डुक्कर आणि उपग्रहाची जोडणी मिळेल तेवढा व्हिडिओ कॉल. जहाज बंदरात असेल तर खलाशांसाठी काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्था भेटवस्तू घेऊन चढतात. न्यूयॉर्कच्या सीमेन्स चर्च इन्स्टिट्यूटचे स्वयंसेवक खलाशांसाठी टोप्या आणि गळपट्टे विणतात. हा उपक्रम १८९८ पासून चालू आहे.