लेखणी विद्यार्थ्याच्या हाती येईपर्यंत

सिंदफणेच्या काठचे माजलगाव आपल्यापैकी बहुतेकांना तेथील धरणामुळे ठाऊक असते. परंतु बीड जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावी सुंदरराव सोळंके महाविद्यालय व सिद्धेश्वर महाविद्यालय या दोन संस्थांत पदवीचे शिक्षणही मिळते. तेथील शेतकऱ्याची मुलगी आज स्वतःच्या भाषेत निबंध, प्रकल्प किंवा प्रबंध लिहू शकते. ही गोष्ट आपल्याला सहज वाटते. तिच्यामागे मात्र दीर्घ इतिहास आहे.

मध्ययुगीन युरोपच्या विद्यापीठांत विद्वत्तेची कसोटी मुख्यत्वे तोंडी वादविवादात लागत असे. येशूसंघाने १५९९ साली आपल्या विद्यालयांसाठी जी शिक्षणसंहिता सिद्ध केली, तिने नित्याच्या लेखन-सरावाला मानाचे स्थान दिले. पुढे बर्लिन विद्यापीठात, जे १८१० साली सुरू झाले, इतिहासकार रांके यांनी परिसंवादाची पद्धत रुजवली. विद्यार्थ्याने मूळ कागदपत्रे तपासावीत, निबंध लिहावा आणि तो सहाध्यायांसमोर कसोटीला लावावा, हे तिचे सूत्र. आजच्या संशोधन-प्रबंधाचे मूळ येथे सापडते.

आपल्याकडे १८५७ साली मुंबई विद्यापीठ आले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. त्याचे मुख्य काम परीक्षा घेण्याचे होते. शिकवणे महाविद्यालयांकडे होते. त्यामुळे लेखन म्हणजे ठरावीक तासांत उत्तरपत्रिका भरणे, असा समज रूढ झाला. मराठीला तर वरच्या परीक्षांत स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना वर्षानुवर्षे खटपट करावी लागली.

ही चाकोरी मोडणाऱ्या दोन व्यक्तींचे स्मरण येथे करणे आम्हांला अगत्याचे वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना ९ मे १९१६ रोजी त्यांनी मानववंशशास्त्राच्या परिसंवादात भारतातील जातींवर निबंध वाचला. शिक्षणापासून दूर ठेवलेल्या समाजातील विद्यार्थी येथे स्वतःच्या समाजाविषयी पुराव्यानिशी लिहीत होता. दुसरे स्पेनहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हेन्री हेरास. ते १९२२ साली मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात आले आणि १९२६ साली त्यांनी तेथे इतिहास-संशोधन संस्था स्थापन केली. त्याच वर्षी भारतीय विद्यार्थ्यांसाठी इतिहासलेखनाच्या पद्धतीवर त्यांचे पुस्तक निघाले. साधने कशी शोधावीत, त्यांची पारख कशी करावी, हे विद्यार्थ्याला शिकवावे लागते, ते आपोआप येत नाही, ही त्यांची धारणा होती. त्यांचे शिष्य जॉर्ज मोराईस यांचा कदंब घराण्यावरील ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला.

मुंबईत हे घडत असताना माजलगाव निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यात १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूला उच्च शिक्षणाचे माध्यम केले आणि इंग्रजी ग्रंथांच्या भाषांतरासाठी स्वतंत्र विभाग चालवला. देशी भाषेत आधुनिक ज्ञान आणण्याचा तो मोठाच प्रयोग होता. पण मराठी घरातल्या मुलाला त्यातही परक्या भाषेतच विचार मांडावा लागे. १९४८ नंतर उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. त्याच्या दृष्टीने एक परकी भाषा जाऊन दुसरी आली.

पुढे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. १९९४ साली त्याला डॉ. आंबेडकरांचे नाव मिळाले, आणि माजलगावची महाविद्यालये त्याच्याच कक्षेत येतात. या विद्यापीठाच्या मराठी विभागात डॉ. यू. म. पठाण यांच्यासारख्या मुस्लिम अभ्यासकाने संत व महानुभाव वाङ्मयाचे संशोधन केले. मराठीतील विद्वत्ता कोणा एका समाजाची मिरास नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

भाषेचा अडसर असा दूर झाला. सवयीचा मात्र राहिला. प्राध्यापकांनी सांगितलेली टिपणे, बाजारातील मार्गदर्शके आणि आता संगणकाने क्षणात जुळवून दिलेला मजकूर, यांत विद्यार्थ्याचे स्वतःचे वाक्य हरवते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. त्यांनी चोरी पकडली जाईल. लिहायला शिकवण्याचे काम मात्र शिक्षकाचे आणि काही अंशी घराचे आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद आपण केला. आता आपल्या घरातील महाविद्यालयीन मुलामुलींची वही कधी उघडून पाहावी. हे तुला कोठून कळले आणि तुझे स्वतःचे मत काय, असे दोन प्रश्न त्यांना विचारावेत. फादर हेरास आपल्या विद्यार्थ्यांना जी शिस्त लावू पाहत होते, तिचा आरंभ एवढ्या साध्या विचारपुशीनेही होऊ शकेल.