संसर्ग नसतानाही वाढणारे ‘संसर्गदर्शक’

ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे आणि रक्तात वाढलेल्या पांढऱ्या पेशी, ही लक्षणे एकत्र दिसली की यकृतात गळू झाल्याची शंका प्रथम येते. आपल्याकडे अमीबामुळे होणारे असे गळू नवे नसल्याने ही शंका रास्तच असते. परंतु प्रतिजैविके देऊनही ताप हटत नसेल, तर यकृताच्या कर्करोगाचाही विचार करावा लागतो.

संसर्गासाठी नेहमी केली जाणारी चाचणी म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, अर्थात सीआरपी. विल्यम टिलेट व थॉमस फ्रान्सिस यांनी १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन शोधले. ते तयार होते यकृतातच, इंटरल्युकिन-६ या रसायनाच्या आदेशावरून. हे रसायन जंतुसंसर्गात स्रवते, तसेच कर्करोगाच्या गाठीतूनही स्रवते. गाठीचा काही भाग रक्ताअभावी मृत झाला, तरी दाह होऊन ताप येतो. काही गाठी पांढऱ्या पेशी वाढविणारे द्रव्य स्वतःच निर्माण करतात.

प्रोकॅल्सिटोनिन ही चाचणी अधिक नेमकी मानली जाते. तिचा जिवाणुसंसर्गाशी असलेला संबंध १९९३ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी मांडला. निरोगी व्यक्तीत तिचे प्रमाण मिलिलिटरमागे ०.१ नॅनोग्रॅमहून कमी असते, ०.५ च्या वर गेल्यास जिवाणुसंसर्गाचा संशय बळावतो. मात्र फायब्रोलॅमेलर या विरळा यकृत-कर्करोगात संसर्गाविना ते बरेच वाढल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. हा कर्करोग बहुधा तरुणांना, सिरॉसिस नसताना होतो आणि त्यात अल्फा-फीटोप्रोटीन ही कर्करोगदर्शक चाचणीही बहुतेक वेळा सामान्य येते.

मग निदान कसे करावे? एका आकड्यावर विसंबून चालत नाही. जंतू शोधण्यासाठी रक्ताचे कल्चर साधारण पाच दिवस ठेवतात. सोनोग्राफी, त्रिस्तरीय सीटी स्कॅन आणि गरजेनुसार पू किंवा गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी यांतून चित्र स्पष्ट होते. संसर्ग आटोक्यात आल्यावर सीआरपी सुमारे १९ तासांत निम्म्यावर येऊ लागते. ती उतरतच नसेल, तर निदान पुन्हा तपासावे.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. कर्करोगाच्या रुग्णाला खराखुरा संसर्गही होतो, विशेषतः पित्तनलिका तुंबल्यास. शिवाय सिरॉसिसने खंगलेले यकृत सीआरपी पुरेशी बनवू शकत नाही आणि संसर्ग असूनही आकडा फसवा कमी दिसू शकतो. म्हणून प्रतिजैविके स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात अकोल्यापासून जामखेडपर्यंतच्या रुग्णांना पुढील तपासणीसाठी नगर शहर, विळद घाट, लोणी किंवा पुणे गाठावे लागते. जाताना आधीचे सर्व अहवाल तारखांसह सोबत न्यावेत. कावीळ ‘ब’ वा ‘क’, मद्यपान आणि घटलेले वजन यांची माहिती लपवू नये. गाठ लहान असतानाच सापडली, तर ती शस्त्रक्रियेने काढण्याची संधी अधिक असते; तापाच्या गोळ्यांत गेलेले आठवडे ती संधी हिरावून घेऊ शकतात.