चांदीचा कण जंतूला मारतो तो कसा?

मधुमेहाच्या पेशंटच्या पायाची जखम आपल्यापैकी अनेकांनी घरात पाहिलेली असते. ड्रेसिंग होतं, गोळ्या बदलतात, इंजेक्शनं होतात, तरी जखम ओलीच. शेवटी डॉक्टर रिपोर्ट बघून सांगतात, या जंतूवर ही औषधं आता चालत नाहीत. ही गोष्ट एका घराची नाही. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं थेट दगावली, असा अंदाज 2022 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. नवी अँटिबायोटिक्स फार थोडी येत आहेत. म्हणून शास्त्रज्ञ दुसरीही एक वाट शोधत आहेत, ती म्हणजे नॅनोकणांची.

'नॅनो' हा शब्द हल्ली रंगाच्या डब्यापासून पाण्याच्या फिल्टरपर्यंत कशालाही चिकटवला जातो, म्हणून आधी माप समजून घेऊ. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. साधारण 1 ते 100 नॅनोमीटरच्या कणांना नॅनोकण म्हणतात. पोट बिघडवणारा ई. कोलाय हा जिवाणू सुमारे 2000 नॅनोमीटर लांब असतो. त्याच्यासमोर 10 नॅनोमीटरचा कण म्हणजे गव्हाच्या पोत्यासमोर गव्हाचा एक दाणा.

या कामात सर्वात जुनी आणि सर्वात जास्त अभ्यासलेली धातू चांदी. भाजलेल्या जखमेवर लावतात ते पांढरं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम 1960 च्या दशकातलं आहे. चांदीच्या कणातून विद्युतभारित अणू, म्हणजे आयन, सुटतात. ते जिवाणूच्या प्रथिनांमधल्या गंधकाला चिकटतात आणि त्याचं श्वसनाचं यंत्र बंद पाडतात. कण स्वतःही जिवाणूच्या आवरणाला चिकटून त्याला भोकं पाडतो. म्हणजे हल्ला एकाच जागी होत नाही, आणि शास्त्रज्ञांना आशा वाटते ती याचमुळे.

पण कुठलाही कण चालत नाही. तेवढीच चांदी 100 ऐवजी 10 नॅनोमीटरच्या कणांत वाटली, तर तिचा पृष्ठभाग दहापट होतो आणि आयन जास्त सुटतात. मिठाईवरचा वर्खही चांदीचाच असतो, पण तो औषध होत नाही! आकाराचाही फरक पडतो. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोल कणांपेक्षा कापलेल्या टोकांच्या त्रिकोणी चकत्यांनी ई. कोलायला जास्त जोरात मारलं. शिवाय जिवाणूच्या बाहेरच्या अंगावर ऋणभार असतो, त्यामुळे धनभारित कण त्याच्याकडे ओढले जातात. मात्र भार फार वाढवला तर आपल्याच पेशी फाटतात. या कामात डिझाइन म्हणतात ते ही तारेवरची कसरत साधण्याला.

असे कण बनवायचे कसे, यात आपल्या महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अबसार अहमद, मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवलं की फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी पाण्यातल्या चांदीच्या आयनांपासून 5 ते 15 नॅनोमीटरचे कण तयार करते आणि आपल्याच प्रथिनांनी ते स्थिर ठेवते. हरभऱ्यात मर रोग आणणारी बुरशी याच जातीतली. शेतकरी जिला शिव्या देतो, ती इथे कामाला लागली. अमरावती विद्यापीठात महेंद्र राय यांच्या गटानेही जंतुनाशक चांदीच्या कणांवर बरंच काम केलं आहे.

दुसरा प्रकार त्याहून नवलाचा, कारण त्यात औषधच नाही. 2012 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या स्विनबर्न विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं की सिकाडा या कीटकाच्या पंखावर बसलेले जिवाणू काही मिनिटांत मरतात. पंखावर सुमारे 200 नॅनोमीटर उंचीचे बारीक खांब असतात. जिवाणू त्यांच्यावर टेकला की दोन खांबांच्या मध्ये त्याचं आवरण ताणलं जातं आणि फाटतं. पंखावर सोन्याचा पातळ थर दिला तरी जिवाणू मेलेच, म्हणजे काम रसायनाचं नसून आकाराचं होतं. जाड भिंतीचे जिवाणू मात्र या पंखाला सहज बळी पडत नाहीत. सांधे बदलताना बसवतात त्या धातूच्या भागांवर असाच पृष्ठभाग देता येईल का, यावर काम चालू आहे.

तिसरी वाट जुन्या औषधाला नवं वाहन देण्याची. अमिकासिन हे अँटिबायोटिक चरबीच्या अतिसूक्ष्म बुडबुड्यांत भरून श्वासावाटे देण्याच्या औषधाला अमेरिकेत 2018 मध्ये फुप्फुसाच्या एका चिवट संसर्गासाठी मंजुरी मिळाली.

आता अडचणी. चांदीला जिवाणू सरावत नाहीत, असं सर्रास सांगितलं जातं. आम्हाला हे पटत नाही. अमेरिकेतल्या एका बर्न वॉर्डात चांदीला न जुमानणारा साल्मोनेला 1975 मध्येच नोंदला गेला. 2018 मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमॉट्सच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ई. कोलाय वारंवार चांदीच्या कणांसमोर आला की फ्लॅजेलिन नावाचं प्रथिन बाहेर सोडतो. त्यामुळे कण एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि निकामी ठरतात. गंमत म्हणजे डाळिंबाच्या सालीच्या अर्काने हे प्रथिन बनणं थांबलं आणि चांदी पुन्हा लागू पडली. पण हे प्रयोगशाळेतलं आहे. म्हणून कुणी जखमेवर डाळिंबाची साल वाटून लावू नये.

रक्तात क्षार आणि प्रथिनं चांदीला पकडून ठेवतात, म्हणून तिचा वापर आजही मुख्यतः जखमेवरच होतो. त्यातही चांदीच्या ड्रेसिंगने जखम लवकर भरते का, याचे पुरावे संमिश्र आहेत. साध्या जखमेला महागडं ड्रेसिंग सुचवलं गेलं, तर 'डॉक्टरसाहेब, याची गरज आहे का?' असं बिनधास्त विचारावं.

आणि 'कोलॉइडल सिल्व्हर'च्या बाटल्या प्यायला म्हणून विकल्या जातात, त्या घेऊच नयेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1999 मध्येच अशी विनाचिठ्ठी विकली जाणारी औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत, असं जाहीर केलं. सतत चांदी पोटात गेली की ती त्वचेत साठते आणि माणूस निळसर-राखाडी दिसू लागतो. एकदा चढलेला हा रंग सहसा उतरत नाही.