मातींत उरलेली वेणीफणी

राजांच्या लढाया व दानें शिलालेखांत कोरलीं गेलीं. स्त्रियांनीं केस कसे बांधिले, हें मात्र कोणीं लिहून ठेविलें नाहीं. चैत्री पौर्णिमेस येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेंत गांवोगांवच्या बायका जमतात आणि एकीचा अंबाडा दुसरीच्या नजरेंत भरतो. दोन हजार वर्षांपूर्वीं अशा देवघेवीचें एक स्थान याच जिल्ह्यांत होतें: तेरणाकांठचें तेर, म्हणजे प्राचीन तगर. येथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई, असें पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवृत्तांत नमूद आहे.

तेर येथें सातवाहनकालीन मृण्मूर्ति विपुल सांपडल्या. त्यांतील स्त्रियांचे भांग, अंबाडे व केसांतील अलंकार बारकाईनें दाखविलेले आहेत. यांतील पुष्कळशा मूर्ति दुहेरी सांच्यांतून काढलेल्या. एका सांच्यांतून अनेक मूर्ति निघत. अर्थात् एकच केशरचना अनेक घरांत पोंचे. येथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचें तर थेट इटलींतील पाँपेई येथें १९३८ सालीं सांपडलेल्या मूर्तीशीं निकट साम्य आहे; आणि तें नगर इ. स. ७९ मध्येंच ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालें होतें!

हें धन शेतांत व उकिरड्यांत सहज नष्ट झालें असतें. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं तें जमविलें. तेरचें संग्रहालय त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. त्या स्त्रियांचीं नांवें लोपलीं. परंतु त्यांच्या हातांचें कसब या ओंजळभर मातींनें राखलें आहे.